शेवटचे दोन घड

गोरेगाव, जि. गोंदिया
९ मार्च २०२५, रविवार

प्रिय ललिता,

सप्रेम नमस्कार. तू बरी असशील, दीप्ती आणि जावईही ठीक असतील. माझं चाललंय. इकडे ऊन तापायला लागलंय, मोह गळायला लागलाय आणि सकाळी सकाळी बायका टोपल्या घेऊन जंगलाकडे जाताना दिसतात. अकरा वर्षांनी पत्र लिहायला बसले आणि हवामान सांगते आहे, याचा तुला राग येईल. येऊ दे.

आज रविवार म्हणून होस्टेल आठवलं. रविवारी प्रार्थना झाली, की आपण जेवणघरातल्या लांब बाकांवर घरी पत्रं लिहायला बसायचो. आंतरदेशीय पत्र चिकटवायचं नाही, आधी सिस्टर फिलोमिनांनी वाचायचं, मग गोंद. सातवीतल्या एका रविवारी तू लिहिलं होतंस, ‘इथलं वरण इतकं पातळ असतं की ताटावरची फुलं दिसतात.’ सिस्टरनी ते तुझ्यापुढे परत टाकलं. ‘फिर से लिखो.’ तू नवं पत्र घेतलंस आणि लिहिलंस, ‘इथलं वरण पातळ असतं आणि हे मी दुसऱ्यांदा लिहीत आहे.’ मी तुझ्या शेजारी बसून ‘मी मजेत आहे, जेवण छान असतं’ असं सुबक अक्षरात लिहून पहिली गोंद लावायला उठले होते. सिस्टरनी माझ्या अक्षराचं कौतुक केलं. तू टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिलास. दुखलं, पण आपण दोघी जेवणापर्यंत हसत होतो.

बातम्या सांगते. संशोधन केंद्रावरची आपली द्राक्षबाग उपटणार आहेत. वीस तारखेला जेसीबी येईल. तसंही आता तिथे बाग म्हणावी असं काही उरलेलं नाही. तारा लोंबतात, खांब वाकलेत, पावसाळाभर केवडा रोगाने पानं काळी पडली ती छाटायलाही कोणी गेलं नाही. ज्या चार ओळींतून तोडणीचं यंत्र फिरायचं तिथली माती दगडासारखी झाली आहे. धानाची चिकण जमीन आणि वरून एवढं वजन, तू पहिल्याच वर्षी म्हणाली होतीस. यंत्र शेडमागे आहे. त्याच्या हलणाऱ्या दांड्या कोणीतरी काढून नेल्या. सांगाडा भंगारात जाईल.

आठवतं, ते यंत्र पहिल्यांदा ओळीवर चढलं तेव्हा आपल्या तोडणीवाल्या बायका तोंडाला पदर लावून उभ्या होत्या? दोन्हीकडून दांड्या वेलीवर आपटायला लागल्या, घड खालच्या पट्ट्यावर धडाधड पडायला लागले आणि सुशीलाबाई ओरडली, ‘अवं बाई, हा तं सासूवानी झोडपते!’ ट्रॅक्टर थांबवावा लागला होता इतकं हसणं झालं. विदर्भाच्या या टोकाला द्राक्षं येतील का, आली तर माणसाशिवाय तोडता येतील का, एवढा आपला प्रश्न होता. लोक आपल्याला वेड्यातच काढायचे. पण त्या दिवशी मला वाटलं होतं, आपण काहीतरी केलं.

आता तिथे हिमांशु नावाचा नवा शास्त्रज्ञ आला आहे. गोंदियातलाच, तिशीतला, हुशार. मागच्या आठवड्यात घरी आला होता. बाग उपटायच्या आधी मला एकदा बघायची आहे का, असं विचारायला. चांगला मुलगा आहे. चहा घेताना त्याने आनंदाने सांगितलं, की त्याचा मोठा प्रकल्प मंजूर झालाय. पेरू, लिंबू, सीताफळ, सगळ्यांच्या तोडणीची यंत्रं, तीन जिल्ह्यांत. ‘मॅडम, पूरा प्रोजेक्ट तुमच्याच पेपरवर उभा आहे. हाताची तोडणी आणि मशीनची तोडणी, नुकसान जवळजवळ सारखं. तो आकडा दुसरीकडे कुठेच नाही.’

मी त्याचा अर्धा भरलेला कपच उचलून आत नेला. त्याला वाटलं, वय झालं.

इथे थांबते. दमले.

१२ मार्च

पत्र तीन दिवस टेबलावर होतं. काल भाचा टेकचंद म्हणाला, ‘मावशी, पोस्टात टाकू काय?’ मी त्याला म्हटलं, अजून मुद्दा लिहायचा आहे. तो म्हणाला, ‘चार पानं झाली अन् मुद्दा नाही आला?’ मी सध्या त्याच्याकडेच राहते. तब्येतीचं नंतर लिहीन.

मुद्दा तुला माहीत आहे असं तुला वाटतं. तसं नाही, म्हणून हे पत्र.

२०१४ चा मार्च. आठ ओळी, चार हाताने, चार यंत्राने. तोडणी झाली, की वेलीवर राहिलेलं आणि जमिनीवर पडलेलं मोजायचं, ते नुकसान. मोजणी तुझी, वही तुझी. यंत्राचं नुकसान अकरा टक्के आलं आणि हाताचं नऊ. नऊ! माझा आनंद चेहऱ्यावर मावेना. तू मात्र वही घेऊन माझ्या खोलीत आलीस आणि दार लावलंस.

‘अल्की, हे बरोबर नाही.’

‘मोजलंय तूच.’

‘मोजणी बरोबर आहे. पण राहिलेले घड बघ कुठे आहेत. प्रत्येक वेलीला दोन, एक या टोकाला, एक त्या टोकाला. चारही ओळी. चूक अशी रांगेत उभी राहत नाही. बायकांना विचारू या.’

मी म्हटलं, आठवड्यावर आढावा बैठक आली आहे, संचालक येणार आहेत, आता बायकांना काय विचारायचं, घाईत राहिले असतील. तू म्हणालीस, ‘मग मी बैठकीत म्हणेन, हा आकडा मला मान्य नाही.’ मी म्हटलं, म्हण.

आणि तू म्हणालीस. तुझ्या सवयीप्रमाणे उभी राहून, हळू आवाजात. संचालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी उत्तर दिलं, ‘नोंदी ललिताबाईंच्याच हातच्या आहेत, सर.’ एवढंच. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. मागच्या रांगेत कोणीतरी कुजबुजलं, ‘कोट्यातून आलेल्यांचं गणित.’ दोघंतिघं हसले. तू ऐकलंस. मीही ऐकलं. मी समोरचा पाण्याचा ग्लास उचलून प्यायले.

नंतर तुला मेमो गेला. मग दुसऱ्या जिल्ह्यात बियाण्याच्या गोदामावर बदली. मग तू मुदतीआधीच नोकरी सोडलीस. जाताना मला म्हणाली होतीस, ‘तुझा माझ्यावर विश्वास नव्हता, हे चालेल. पण तू विचारलं का नाहीस?’

ललिता, मी विचारलं होतं.

बैठकीच्या दोन दिवस आधी, सकाळी. तू कोऱ्या कागदांसाठी गोंदियाला गेली होतीस. मी ओळीतून चालत गेले आणि तू म्हणाली होतीस तसेच दोन दोन घड दिसले. खरंच रांगेत. मला राग आला. बायका बांधावर भाकर खात होत्या. मी तिथेच सुशीलाबाईवर ओरडले, ‘डोळे फुटलेत का तुमचे? एवढे मोठे घड दिसत नाहीत?’

ती उठली नाही. घास गिळून म्हणाली, ‘डोरे कायले फुटतीन बाई? ठेवला हाये तो.’

‘ठेवला म्हणजे?’

‘धान कापतानी धुऱ्यावरची शेवटची मूठ ठेवत नाई काय? तसा. पाखराईले, नाई तं मागून येनाऱ्याले. भरला वेल पुरा नागवा करून घरी कसं जाचं?’ मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाली, ‘तुमी तं धानवाल्याच्या लेकी. तुमाले काऊन सांगा लागते?’

बाकीच्या हसल्या. एक म्हणाली, ‘बाई कान्वेंटच्या हायेत ना वो, तिथं धान इंग्रजीत उगवते.’

मीही हसले. काय करणार? माझे बाबा दर दिवाळीनंतर धानाच्या बांधीच्या कोपऱ्यातली मूठ मलाच दाखवायचे, ‘ही नाही कापायची, अल्का’ म्हणायचे. नवेगावच्या तलावाखालची आमची जमीन, आजोबांपासून तीच रीत. एका वेलीच्या साधारण पंचवीस घडांतले दोन, म्हणजे आठ टक्के. बायकांचं खरं नुकसान एक टक्का होतं, ललिता. यंत्राचं अकरा. मी बांधावर उभ्या उभ्या हे गणित केलं. सोपं होतं, तुला बोलवायची गरज पडली नाही.

मग मी खोलीत जाऊन बसले. चार वर्षं केवड्याने मारलं होतं. दाखवायला दुसरं काही नव्हतं. मी ठरवलं, की यंदा हा आकडा जाऊ दे, पुढच्या वर्षी बायकांना सांगून नीट मोजू. संध्याकाळी तू गोंदियाहून आलीस, कागद ठेवलेस, माझ्यासाठी समोसे आणले होतेस. मी ते खाल्ले आणि तुला काही बोलले नाही.

पुढचं वर्ष आलंच नाही. ‘यंत्र जवळजवळ तितकंच चांगलं’ हे एकदा छापल्यावर हाताच्या तोडणीसाठी मंजुरी कोण देणार? बावीस बायकांचं काम थांबलं. तोडणीचंच नाही, छाटणीचं, विरळणीचंही. त्या एकदा केंद्राच्या फाटकाशी आल्या होत्या. मी आत होते. शिपायाला सांगितलं, मॅडम नागपूरला गेल्यात म्हण.

तुला वाटत असेल, की हे मी तेव्हाच का नाही सांगितलं. मी तीनदा नागपूरला तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत आले. एकदा तुला पाहिलंही, तू भाजीवाल्याशी हुज्जत घालत होतीस, कोथिंबिरीवरून. मी रिक्षा परत फिरवली. मी तुझ्यावर विश्वास ठेवला नाही म्हणून तू रागावली आहेस, तोवर मी फक्त हट्टी मैत्रीण होते. खरं सांगितल्यावर मी कोण असणार, ते मला बघायचं नव्हतं.

आता सुशीलाबाईचं.

हिमांशु येऊन गेल्यावर मला वाटलं, निदान तिच्याकडून एकदा लिहून घ्यावं. ती रीत काय, का ठेवले घड, ते. मी बाजाराच्या दिवशी गेले. कोणीतरी सांगितलं होतं, तिची मुलगी हर्षा तिथे भज्यांचं दुकान लावते. हर्षाने मला ओळखलं. कढईतून नजर न काढता म्हणाली, ‘बसा बाई. भजे देऊ?’

मी म्हटलं, आईला भेटायचं होतं.

‘माय तं कवाची गेली.’

‘कुठे?’

ती हसली, तसं हसणं मी पाहिलेलं नाही. ‘मेली ना. सोळा सालीच. तुमचं काम बंद झालं, मंग आमी सारेच तेलंगणात मिरच्या तोडाले जाऊन राहिलो. तिथं ताप आला. मुकादम म्हने, दोन दिस थांब, हप्ता पुरा होऊ दे. तिसऱ्या दिशी गेली. पिकपमंदी टाकून आनली, मिरच्याच्या पोत्याईवर.’

मी म्हटलं, ‘मला कळलं नाही गं.’

‘तुमाले कोन सांगन?’ तिने भजी निथळून कागदावर टाकली. मग एकदम म्हणाली, ‘तुमची मशीन कुठी हाये आता? तिले नाई पाठवली मिरच्या तोडाले?’

शेजारचा बांगड्यावाला मोठ्याने हसला. हर्षा नाही हसली. मी भजी घेतली, पैसे दिले, तिने सुटे परत दिले. माझ्या पर्समध्ये तिच्या आईचा एक फोटो होता, बागेतला, तो मी द्यायला काढला. तिने हात पुसलेसुद्धा नाहीत. ‘ठेवा तुमच्याजवळ. तुमच्या पुस्तकात छापला व्हता ना तो? सोनूनं दाखवला व्हता मोबाइलवर. खाली लिहिलं हाये, मजूर.’ सोनू तिचा नवरा. मी फोटो परत पर्समध्ये ठेवला.

दुसऱ्या दिवशी हिमांशुकडे गेले. त्याला सगळं सांगितलं, तुला आता लिहिलं तसंच. तो मुलगा पेनचं टोपण काढत-घालत ऐकत राहिला. मग म्हणाला, ‘मॅडम, आता काय फायदा? बागच उपटून राहिलो आपण. आणि द्राक्षाचं वेगळं, पेरूचं वेगळं.’ मी म्हटलं, पण आकडा तर तू द्राक्षाचाच घेतलास. तो म्हणाला, ‘मंजुरी येऊन गेली मॅडम. आता मी आकडा बदला म्हटलं, तर मलाच विचारतील, पहिले काऊन नाही पाहिलं.’ त्याच्या जागी मी असते, तर हेच बोलले असते. मी होतेच त्याच्या जागी.

ज्या नियतकालिकात तो लेख आला, तेही बंद पडून पाच-सहा वर्षं झाली. संपादक वारले. दुरुस्ती छापायला जागाच नाही, ललिता. मी चौकशी केली. लेखातला आकडा मात्र आणखी चौदा लेखांत आहे, हिमांशुने मोजून सांगितलं. कौतुकानं सांगितलं होतं.

तेव्हा मी काही सुधारू शकेन, असं वाटून हे लिहीत नाही. सुशीलाबाई परत येत नाही. तुझी ती वर्षं परत येत नाहीत. मीच घालवली, आणि त्या वेळी माझ्यावर कोणाचा दबावही नव्हता. लोक म्हणतात, सांगितल्याने मन हलकं होतं. चार दिवस झाले, मला तसं काही जाणवलेलं नाही.

तब्येतीचं म्हणजे, स्वादुपिंडात गाठ आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी दोन-तीन महिने म्हटलंय, मार्चअखेर शस्त्रक्रिया करून बघू म्हणाले, पण त्यांच्या बोलण्यात जोर नव्हता. हे तुला दया यावी म्हणून लिहिलं नाही. ते न लिहिता खालचं लिहिता आलं नसतं.

हे पत्र टेकचंद स्वतः तुझ्या हातात देईल. त्याच्याजवळ एक हिरवी वही आहे. तीच, तुझ्या अक्षरातली, मोजणीची. ती तुझी आहे. शेवटच्या कोऱ्या पानावर सुशीलाबाई काय म्हणाली ते मी तिच्याच शब्दांत लिहिलंय, तारीख घातली आहे आणि खाली लिहिलंय, की मोजणी अचूक होती, अर्थ चुकीचा लावला तो मी, जाणूनबुजून. सही आहे. टेकचंदची साक्ष घेतली आहे, कशावर सही करतो ते त्याला वाचायला लावून. त्या दिवसापासून तो माझ्याशी थोडं कमी बोलतो.

त्या पानाच्या तीन प्रती काढल्या. एक हिमांशुला रजिस्टर पोस्टाने गेली. तो फाइलला लावणार नाही, पण ‘मला माहीत नव्हतं’ असं त्याला म्हणता येणार नाही. एक विद्यापीठाच्या ग्रंथालयाला, आपल्या त्या वर्षीच्या अहवालाच्या आत चिकटवा अशी विनंती करून. तिसरी तुझ्या मेमोच्या कार्यालयीन प्रतीला टाचली आहे. मेमोवर वरिष्ठांच्या सहीआधी माझी शिफारस आहे, ती तू कधी पाहिली नसशील. ‘कारवाई योग्य’ असं मी लिहिलं होतं. तो कागद मी फाडू शकले असते. तोही तुलाच. दीप्तीला दाखवायचा, तर दाखव. तिच्या आईला गणित येत नव्हतं असं तिने कुठे ऐकलं असेल, तर तिच्या हातात हा असावा.

माझी पुस्तकं केंद्राच्या मुलांना. माझं घर टेकचंदच्या नावावर, ते आधीच केलंय. दागिने फार नाहीत, ते त्याच्या बायकोला, आचलला.

सुशीलाबाईचा फोटो वहीत आहे. मूळ प्रत, खाली काही छापलेलं नाही. मागे मी तिचं नाव, गाव आणि साल लिहिलंय. तो हर्षाला द्यायचा आहे. गोरेगावच्या बाजारात, बसस्टँडकडून शिरलं की उजव्या हाताला. माझ्या हातून ती घेत नाही. तू दिलास तर घेईल, कारण तिची माय तुला ‘मोजनारी बाई’ म्हणायची आणि तुझ्याबद्दल चांगलं बोलायची.

आणि तिला फोटो देताना माझं नाव सांगू नकोस.

अल्का